घरावरील सौर वीजसंच : दरपत्रकांची तुलना कशी करावी?

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच किमतीची बोलणी करतो. बियाण्याची पिशवी घेताना तो तिच्यावरील खूणचिठ्ठी वाचतो. परंतु तोच शेतकरी घराच्या छपरावर सौर वीजसंच बसविण्यास निघाला म्हणजे पुष्कळदा दरपत्रकाच्या तळाशी लिहिलेला एकच आकडा पाहून निर्णय घेतो. बैल आठ-दहा वर्षे राबतो. सौर संच मात्र सुमारे पंचवीस वर्षे छपरावर राहावयाचा असतो. त्यासाठी अनेकदा बँकेचे कर्जही काढावे लागते. म्हणून दरपत्रक वाचण्यात झालेली चूक ही एका हंगामापुरती चूक नसते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांवर असे संच बसविण्याचे उद्दिष्ट या योजनेत ठेवलेले आहे. त्यामुळे गावोगाव पुरवठादार येऊ लागले व एकाच घरासाठी तीन-चार दरपत्रके मिळणे सोपे झाले. ही गोष्ट ग्राहकाच्या हिताचीच आहे. मात्र ती दरपत्रके एका मापात आणल्याखेरीज त्यांची तुलना करणे म्हणजे पायलीने मोजलेले धान्य आणि किलोने मोजलेले धान्य यांचे नुसते आकडे ताडून पाहण्यासारखे होय. हे माप कसे लावावे, ते येथे दिले आहे.

प्रथम आपली गरज ठरवावी

दरपत्रक मागविण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची वीजबिले जमवावीत आणि त्यांतील युनिटांची बेरीज करावी. एकाच महिन्याचे बिल पाहून अंदाज बांधू नये. उन्हाळ्यात पंख्यांचा वापर वाढतो व हिवाळ्यात तो घटतो. महाराष्ट्रातील उन्हाच्या मानाने एक किलोवॅटचा संच वर्षाकाठी साधारणतः १,३०० ते १,४५० युनिट वीज देतो; म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास. समजा, एका कुटुंबाचा वापर महिन्याला सरासरी ३०० युनिट, म्हणजे वर्षाला ३,६०० युनिट आहे. या संख्येला १,३५० ने भागले असता सुमारे २.७ किलोवॅट येतात. या घराला ३ किलोवॅटचा संच पुरेसा होय.

एखादे दरपत्रक ‘दर किलोवॅटमागे रोज सहा युनिट’ असे सांगत असेल, तर तो आकडा वर्षाची सरासरी म्हणून स्वीकारू नये. निरभ्र आकाशाच्या काही दिवशी उत्पादन चारापेक्षा अधिक होते, परंतु आषाढ-श्रावणात ते निम्म्यावरही येते. त्याचप्रमाणे गरजेहून फार मोठा संच बसविणेही फायद्याचे नाही. घरात न वापरलेली वीज नेट मीटरमार्फत वितरण कंपनीकडे जमा होते व पुढील महिन्यांच्या वापरातून वजा होते, परंतु वर्षअखेर उरलेल्या युनिटांना घरगुती वीजदराइतका मोबदला मिळत नाही. शिवाय बिलातील स्थिर आकार संच बसविल्यानंतरही भरावा लागतो. ‘बिल कायमचे शून्य’ हे आश्वासन शब्दशः घेऊ नये.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. घरगुती जोडणीवरील हा संच आणि शेतीपंपासाठीचा सौर पंप या दोन निराळ्या बाबी आहेत. त्यांच्या योजना व अर्ज स्वतंत्र असतात. घरच्या संचावर विहिरीवरची मोटर चालेल असे कोणी सांगत असल्यास त्यावर विसंबू नये.

जागा व सावली

एका किलोवॅटसाठी छपरावर सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा धरावी. आपल्या प्रदेशात पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. पॅनेल्स एकमेकांस ओळीने जोडलेली असतात. त्यामुळे पाटात एके ठिकाणी दरड पडली असता पुढील वाफ्यांचे पाणी जसे कमी होते, तसे एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या ओळीचे उत्पादन घटते. घराच्या दक्षिणेस चिंच, कडुलिंब किंवा नारळ असल्यास त्याची सावली मार्गशीर्ष-पौषात सर्वांत लांब पडते, कारण त्या वेळी सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. वैशाखात जागा पाहून गेलेल्या माणसास ही सावली दिसत नाही. पाण्याची टाकी, जिन्यावरील खोली व शेजारची भिंत यांचाही याच दृष्टीने विचार करावा.

जो पुरवठादार छपरावर न चढता केवळ दूरध्वनीवरून किंमत सांगतो, त्याच्या आकड्यास अंदाज म्हणावे. ते दरपत्रक नव्हे.

दरपत्रकात काय असावे?

*पॅनेल :* ‘३ किलोवॅट संच’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. पॅनेलची संख्या आणि प्रत्येकाचे वॅट लिहिलेले असावेत. त्यांचा गुणाकार हीच पॅनेलची खरी क्षमता होय. ५४० वॅटची पाच पॅनेल्स म्हणजे २,७०० वॅट. इन्व्हर्टर तीन किलोवॅटचा असला तरी हा संच तीन किलोवॅटचा ठरत नाही. पॅनेलचा उत्पादक व नमुना यांची नावे असावीत. ‘नामांकित कंपनीची अथवा तत्सम’ असे शब्द असल्यास ते खोडून नाव लिहून घ्यावे. अनुदान हवे असल्यास पॅनेल्स व त्यांतील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. अशी पॅनेल्स परदेशी सेलच्या पॅनेल्सपेक्षा महाग असतात. एखादे दरपत्रक फारच स्वस्त असण्याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

पॅनेलवर छापलेले वॅट हे २५ अंश सेल्सिअस तापमानास मोजलेले असतात. विदर्भातील वा मराठवाड्यातील उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापू शकते. जातीप्रमाणे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. म्हणजे चाळीस अंशांच्या वाढीने बारा ते सोळा टक्के घट येते. ही घट माहितीपत्रकात ‘तापमान गुणांक’ या नावाने दिलेली असते. ज्या पॅनेलचा हा आकडा लहान, ते उष्ण प्रदेशास अधिक चांगले. हवा खेळती राहावी म्हणून पॅनेल व छप्पर यांत अंतर ठेवणेही याच कारणाने आवश्यक आहे.

*इन्व्हर्टर :* पॅनेलमध्ये निर्माण होणारी वीज घरात वापरण्याजोगी करणारे हे यंत्र होय. संचातील सर्वांत आधी बिघडणारा भाग बहुधा हाच असतो. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल असे धरून चालावे. म्हणून त्याची हमी पाच वर्षांची की दहा वर्षांची, हा फरक किमतीत धरण्याजोगा आहे. तो भिंतीवर सावलीत व खेळत्या हवेत बसवावा. गोठ्यात, चुलीशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ बसवू नये.

ग्रामीण भागात याबाबत एक गैरसमज फार आढळतो. नेट मीटरवर चालणारा साधा संच गावची वीज गेली की आपोआप बंद पडतो. भर दुपारी ऊन असले तरी तो घराला वीज देत नाही. हा दोष नाही. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला छपरावरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तशी योजना मुद्दाम केलेली असते. वीज नसतानाही दिवे-पंखे चालावेत अशी गरज असल्यास बॅटरी जोडता येणारा ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर व बॅटरी घ्यावी लागते. त्याचा खर्च बराच अधिक असतो, आणि अनुदान पॅनेलच्या क्षमतेमागे मिळते, बॅटरीमागे नाही. साध्या संचाचे व हायब्रिड संचाचे दरपत्रक शेजारी ठेवून त्यांची तुलना करू नये. ती दोन वेगळी यंत्रे आहेत.

*सांगाडा :* पॅनेल ज्यावर उभे राहते तो लोखंडी सांगाडा दरपत्रकात एका ओळीत उरकलेला असतो, आणि पैसे वाचविण्याची पहिली जागाही तीच असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची छपरे उडाली. सौर पॅनेल हे वाऱ्याच्या दृष्टीने एक शीडच होय. सांगाडा ताशी १५० किलोमीटर वेगाचा वारा सोसेल असा आहे, हे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे.

लोखंड जस्ताच्या वितळलेल्या रसात बुडवून काढलेले, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड असावे, आणि जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा असावा. नुसता रुपेरी रंग दिलेले लोखंड पहिल्या दिवशी तसेच दिसते, परंतु कोकणच्या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांतच गंजू लागते. बोल्ट स्टेनलेस पोलादाचे मागावेत. स्लॅबला भोके पाडणार असल्यास पुढे गळती लागली तर ती कोण दुरुस्त करील, हेही कागदावर यावे. पत्र्याच्या वा कौलारू घरावर संच बसविण्यापूर्वी खालील वासे व कैच्या तो भार पेलतील की नाही, हे जाणत्या गवंड्यास किंवा अभियंत्यास दाखवावे.

*तारा, अर्थिंग व वीजनिवारक :* पॅनेलकडील बाजू, घराकडील बाजू आणि आकाशातील विजेपासून रक्षण करणारा निवारक, या तिन्हींसाठी तीन स्वतंत्र अर्थिंग असावेत. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडल्यास वळवाच्या पावसात पडलेली वीज यंत्रात आणि घरात शिरण्याचा धोका राहतो. पॅनेलकडील तारा उन्हात टिकणाऱ्या, तांब्याच्या व सौर कामासाठीच बनविलेल्या असाव्यात. तारांची लांबी किती धरली आहे, हेही विचारावे. जादा लांबीचे पैसे शेवटी मागितले जातात.

कर व अनुदान

किंमत करासह आहे की कराखेरीज, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. सौर संचाच्या उभारणीच्या कामात रकमेचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के भाग सेवा धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरील वस्तू व सेवा कर १२ ऐवजी ५ टक्के झाला. सेवेवर तो १८ टक्के आहे. दोन्ही मिळून एकूण रकमेवर ८.९ टक्के कर बसतो. जुन्या हिशेबाने हा आकडा १३.८ टक्के होता. कोणी अद्याप जुना दर लावत असल्यास तो दुरुस्त करून घ्यावा.

अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळते. संच तीनऐवजी पाच किलोवॅटचा असला तरी अनुदान तेवढेच राहते. पॅनेल व इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच अनुदानासाठी धरली जाते. ही रक्कम संच सुरू होऊन तपासणी झाल्यानंतर ग्राहकाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते. त्यासाठी पुरवठादार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. दरपत्रकात अनुदान आधीच वजा करून लहान आकडा दाखविला असेल, तर ते परत मिळवून मूळ किंमत काढावी.

एक उदाहरण

वर सांगितलेल्या, वर्षाला ३,६०० युनिट लागणाऱ्या कुटुंबास तीन दरपत्रके मिळाली असे समजू. आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ‘क’ याने १,५०,००० रुपये सांगितले. परंतु खाली बारीक अक्षरांत ‘कर, उंच सांगाडा, नेट मीटर व वाहतूक वेगळी’ असे लिहिले आणि अर्थिंग एकच धरले. ‘ख’ याने सर्व मिळून १,९५,००० रुपये सांगितले. ‘ग’ याने ‘आपणांस केवळ १,१०,००० रुपये’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. त्यात अनुदान आधीच वजा होते आणि उंच सांगाडा धरलेला नव्हता. तिन्ही दरपत्रके एका मापात आणली असता पुढील कोष्टक तयार होते.

| तपशील | क | ख | ग |
|---|---|---|---|
| सांगितलेली रक्कम (रु.) | १,५०,००० | १,९५,००० | १,१०,००० |
| वजा दाखविलेले अनुदान परत मिळवून | — | — | ७८,००० |
| कर ८.९ टक्के | १३,३५० | समाविष्ट | समाविष्ट |
| उंच सांगाडा | १५,००० | समाविष्ट | १५,००० |
| आणखी दोन अर्थिंग | ६,००० | समाविष्ट | समाविष्ट |
| नेट मीटर व अर्जाचा खर्च | ५,००० | समाविष्ट | समाविष्ट |
| वाहतूक | ३,००० | समाविष्ट | समाविष्ट |
| खरी एकूण किंमत | १,९२,३५० | १,९५,००० | २,०३,००० |
| पॅनेल | ५ × ५४० वॅट | ६ × ५५० वॅट | ६ × ५४० वॅट |
| पॅनेलची क्षमता (किलोवॅट) | २.७० | ३.३० | ३.२४ |
| दर किलोवॅटची किंमत | ७१,२४१ | ५९,०९१ | ६२,६५४ |
| मिळणारे अनुदान | ७२,६०० | ७८,००० | ७८,००० |
| पदरचा खर्च | १,१९,७५० | १,१७,००० | १,२५,००० |
| वर्षाचे अंदाजी उत्पादन (युनिट) | ३,६४५ | ४,४५५ | ४,३७४ |

प्रथमदर्शनी सर्वांत महाग वाटणारा ‘ख’ प्रत्यक्षात सर्वांत स्वस्त ठरला आणि सर्वांत स्वस्त वाटणारा ‘ग’ सर्वांत महाग. ‘क’ याचा पदरचा खर्च ‘ख’ याच्या जवळपास आहे, परंतु त्याचे पॅनेल सहाशे वॅटने कमी आहे. पहिल्या वर्षी त्याचे उत्पादन गरजेपुरते जेमतेम होईल; पुढे पॅनेल जुने होत जाईल, घरात एखादा शीतकपाट वाढेल, आणि बिल पुन्हा सुरू होईल. कोणाचेही दरपत्रक खोटे नव्हते. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा आकडा तळाशी लिहिला होता, एवढेच.

हमी व देखभाल

हमी दोन प्रकारची असते व पुष्कळदा त्या दोहोंची सरमिसळ केली जाते. पॅनेल फुटणे, काळे पडणे, आत पाणी शिरणे अशा दोषांची हमी साधारणतः दहा ते बारा वर्षांची असते. दुसरी हमी उत्पादनाची. पंचवीस वर्षांनंतरही पॅनेल मूळ क्षमतेच्या ८० टक्के किंवा त्याहून अधिक वीज देईल, असा तिचा अर्थ असतो. ‘पंचवीस वर्षांची हमी’ असे म्हणणाऱ्यास ती कोणती, हे विचारावे. सांगाड्याची व बसविण्याच्या कामाची हमी आणखी निराळी असते.

योजनेखालील पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. बिघाड कळविल्यापासून किती दिवसांत माणूस येईल, तो कोणत्या गावाहून येईल आणि इन्व्हर्टर दुरुस्तीस नेल्यास बदली यंत्र मिळेल काय, हे लिहून घ्यावे. दूरच्या शहरातील पुरवठादार पाच हजारांनी स्वस्त असला, तरी ऐन उन्हाळ्यात संच महिनाभर बंद राहिल्यास त्या बचतीचा बराचसा भाग तेथेच संपतो. पॅनेल धुणे हे मात्र घरच्यांचेच काम होय. ते सकाळी, पॅनेल थंड असताना, मऊ कापडाने करावे; तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. विंधणविहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग राहतात, ते पुसून काढावेत.

पैसे केव्हा द्यावेत?

सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. करार करताना काही भाग, सामान घरी येऊन पॅनेलचे अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहिल्यावर मोठा भाग आणि नेट मीटर बसून संच सुरू झाल्यावर उरलेला भाग, असे टप्पे करारात घालावेत. शेवटचा हप्ता हाती राहिला म्हणजे नेट मीटरचे राहिलेले काम आपोआप पुरे होते. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी योजनेखाली बँकांकडून तारणाविना कर्ज मिळते. पुरवठादाराने सुचविलेल्या सावकारी कर्जाकडे वळण्यापूर्वी आपल्या बँकेत चौकशी करावी. नोंदणी करताना भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक व बँकेची माहिती कोणाच्याही हाती देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कार्य

कार्यकर्त्याने अमुक पुरवठादार घ्या असे सुचवू नये. ते त्याचे काम नव्हे. त्याने वरील कोष्टकाचा कोरा नमुना ग्रामपंचायतीत ठेवावा आणि प्रत्येक पुरवठादाराने तोच भरून द्यावा असा आग्रह शेतकऱ्यांस धरावयास लावावे. नमुना एक झाला की लपविलेला खर्च रिकाम्या रकान्यातून आपोआप उघडा पडतो. शक्य तेथे आठ-दहा कुटुंबांनी मिळून दरपत्रके मागवावीत. एकाच गावातील अनेक कामे मिळत असल्यास पुरवठादार किंमतही उतरवितो आणि सेवेसही तत्पर राहतो. जवळच्या गावी दोन-तीन पावसाळे काढलेला संच असल्यास शेतकऱ्यांना तेथे घेऊन जावे. सांगाड्याचा गंज, स्लॅबची गळती आणि आधीची व नंतरची वीजबिले त्यांनी स्वतः पाहावीत. घरातील स्त्रियांनाही या पाहणीस अवश्य न्यावे, कारण विजेचा वापर केव्हा व किती होतो, हे त्याच अधिक नेमकेपणाने सांगू शकतात.

सारांश

१. बारा महिन्यांच्या बिलांवरून गरज ठरवावी. मगच दरपत्रके मागवावीत.
२. निदान तीन दरपत्रके, एकाच नमुन्यावर, छपराची पाहणी झाल्यावर घ्यावीत.
३. पॅनेलची संख्या व वॅट यांचा गुणाकार स्वतः करावा.
४. कर, सांगाडा, तीन अर्थिंग, नेट मीटर व वाहतूक मिळवून आणि अनुदान वेगळे काढून खरी किंमत ठरवावी. तिला किलोवॅटने भागावे.
५. वीज गेल्यावर संच चालणार की नाही, हे स्पष्ट विचारावे.
६. हमी, देखभाल व पैशांचे टप्पे लेखी घ्यावेत. शेवटचा हप्ता नेट मीटर सुरू होईपर्यंत हाती ठेवावा.

सोने पाहावे कसून आणि माणूस पाहावे बसून, असे आपले जुने लोक सांगत आले. दरपत्रकासही हाच न्याय लागू आहे. पुरवठादारास ओसरीवर बसवून, हाती कोष्टक व पेन्सिल घेऊन, एकेका रकान्याचा खुलासा मागितला म्हणजे तासाभराचे काम होते. त्या तासावर पुढील पंचवीस वर्षांचा हिशेब अवलंबून असतो.